रुमालाखालचा हात

माणसाला किळस कशाची येते, ते वयाप्रमाणं बदलत जातं बघा. लहानपणी धुळ्याला आमच्या घरामागं गोठा होता, तिथल्या गोमाशांची मला यायची. लग्न होऊन जळगावात आले, तर सासऱ्यांची पिकदाणी धुताना यायची. मग पोरं झाली, नातवंडं झाली, नवऱ्याचं शेवटच्या आजारपणातलं सगळं याच हातांनी काढलं. वाटलं, आता या जन्मात किळस यावी असं काही उरलं नाही. तर गेल्या उन्हाळ्यात एका कागदानं ती पुन्हा आणली.

कागद गुळगुळीत, रंगीत. त्यावर चित्र काढलेलं. एका पोरीचं गोरं मनगट, आणि ते धरणारा पुरुषाचा काळा, केसाळ पंजा. खाली लिहिलेलं की परक्या हाताला आपली लेक देऊ नका, बांगड्या आपल्याच माणसाकडून भरा.

आता तो परका हात कोणाचा, ते सांगते. आमच्या गल्लीला बांगड्या भरणारा मनियार मेहरूणहून येतो. पूर्वी सायकलवर यायचा, आता लुना आहे, मागं तीच जुनी लाकडी पेटी. त्याच्या आधी त्याचा बाप यायचा. मी नवी सून होते तेव्हा बाप माझा हात धरायचा आणि हा मिसरूडही न फुटलेला पोर बांगड्यांच्या माळा हातात घेऊन मागं उभा असायचा. आता त्याचीच दाढी पांढरी झाली. गल्लीतल्या पोरी त्याला चाचा म्हणतात, मी मनियारभाऊ म्हणते, तो मला अक्का म्हणतो. बसायची जागा ठरलेली, माझा ओटा.

आमच्याकडची रीत अशी की सवाष्णीनं हात कधी मोकळा ठेवायचा नाही. जुन्या बांगड्या उतरवताना एक तरी हातात राहू द्यायची, नवी चढली की मगच ती काढायची. आणि भरून झालं की भरणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा. तो कोण, कुठला, हे कोणी विचारत नाही. त्यानं हातात सौभाग्य घातलं, एवढं पुरे. तो प्रत्येकीला म्हणतो, "सुखी राहा बेटा," आणि एक बांगडी वरची देतो. आमच्या गल्लीतली प्रत्येक लेक या नमस्कारानं सासरी गेली आहे.

तो कागद घेऊन आला शेजारणीचा दीर. शेजारणीच्या लेकीचं लग्न ठरलेलं, पाचोऱ्याचं घर, आठवड्यावर आलेलं. दिरासोबत दोन अनोळखी माणसं, पांढरे शुभ्र कपडे, कपाळाला टिळा. मी पाणी दिलं. पाणी पिऊन दीर म्हणाला, "अक्का, तुम्ही मोठ्या. तुमचा शब्द गल्ली मोडत नाही. पोरीचा चुडा त्याच्याकडून नको. बाकी काही म्हणणं नाही."

"का रे? बांगड्या वाईट आणतो का?"

त्यातला एक बोलला, "माताजी, बांगड्यांचं नाही हो. हाताचं आहे."

माताजी. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला अक्का म्हणतात, आजी म्हणतात, भांडण झालं तर म्हातारडी म्हणतात. माताजी म्हणणारा बहुतेक काहीतरी खपवायला आलेला असतो.

"तो पोरींचा हात कसा दाबतो, ते कधी नीट पाहिलंय का तुम्ही?" असं म्हणून तो हसला. ओठांच्या कोपऱ्यात, बारीक.

ते हसू मला अजून आठवतं आणि तोंडाला पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं तसं. काचेची बांगडी हात दाबल्याशिवाय चढते का? अंगठा आत घ्यायचा, बोटं जुळवायची, हाड शोधायचं, हळूच सरकवायचं. गल्लीतल्या सगळ्या बायांसमोर, भर दुपारी, आई शेजारी बसलेली. आणि या बाबाला त्यात काय दिसलं? घाण त्याच्या डोळ्यात, आणि पुसायला आला माझ्या ओट्यावर.

मी म्हटलं, "बाबा, तुझ्या आईला बांगड्या भरताना कधी बघितलं नाहीस वाटतं. बघितलं असतंस तर हे सुचलं नसतं."

हसू मावळलं. उठताना दिराकडे बघत म्हणाला, "आम्ही हात जोडूनच सांगतो. पण पोरं गरम डोक्याची असतात. लग्नात काही कमी-जास्त झालं तर आम्हाला बोल लावू नका."

ते गेल्यावर मी तो लोटा राखेनं घासला. दोनदा घासला. मी आयुष्यात कोणाचा विटाळ मानला नाही. त्या दिवशी मानला.

संध्याकाळी शेजारीण रडत आली. "अक्का, जाऊ द्या हो. दुकानातून बांगड्यांचे डबे आणू, घरातल्या घरात घालू. माझ्या लेकीचं लग्न नीट होऊ द्या." तिला काय बोलणार? आईच ती. वर तिनं सांगितलं की मनियारभाऊनं निरोप धाडलाय, येणार नाही म्हणून. कोणीतरी त्याची लुना नाक्यावर अडवली होती. मारलं नाही. पेटी उघडायला लावली आणि विचारलं, "आज कोणाकोणाचे हात धरले, सांग."

म्हाताऱ्या माणसाला हे विचारलं. सांगतानाही लाज वाटते.

मी तिला म्हटलं, "या लग्नाला तो आला नाही, तर पुढं कोणत्याच दारी येणार नाही. तुला वाटतं एका दुपारचा प्रश्न आहे. त्याच्या पेटीला कायमचं कुलूप लागेल, आणि किल्ली आपण दिलेली असेल."

"पण पाचोऱ्याच्या लोकांच्या कानावर काही गेलं तर?"

ही तिची खरी भीती होती. म्हणून आम्ही तिथंच बसून विहीणबाईंना फोन लावला, आवाज मोठा करून. मी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मग त्या म्हणाल्या, "अक्का, मना लगीनमा बी मनियारनीच चुडा भरेल व्हता. मी काय बाटनू का?" शेजारीण रडता रडता हसली. विहीणबाईंनी पुढं जोडलं, "मी बी येस. मना हातमा बी जागा शे."

मग आम्ही कामाला लागलो. भाषण द्यायला आम्हाला येत नाही. हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला येतं. आमच्या भजनी मंडळाच्या बाया दारोदार कुंकू लावत फिरल्या, आपली गल्ली झाली, मागची झाली, नशिराबादला दिलेल्या लेकींनाही फोन गेले. एकच निरोप, चुडा आहे, बांगड्या भरायला या, आणि घरातल्या पुरुषांना ओट्यावर बसायला सांगा. नुसतं बसा म्हणावं, तोंड उघडू नका.

शेजारीण आणि मी पोलीस ठाण्यातही गेलो. तिथला साहेब म्हणाला, "आजी, कशाला वाढवता?"

म्हटलं, "आम्ही काय वाढवलं, साहेब? आमच्या घरी आमच्या बोलावण्यावरून माणूस येतोय. त्याला कोणी अडवलं तर आम्ही आधी सांगून ठेवलं होतं, एवढं लिहून घ्या." लिहून घेतलं बापड्यानं, नाक मुरडून का होईना. एक शिपाईही पाठवला.

मनियारभाऊला आणायला शेजारणीचा नवरा स्वतः मेहरूणला गेला. मनियारभाऊ कसाबसा आला. ओट्यावर बसला, पेटी उघडली, आणि खिशातून एक पांढरा रुमाल काढून आपल्या उजव्या हातावर पसरला. नवरीला म्हणाला, "बेटा, हात या रुमालावर ठेव."

कोणाला काही कळेना. मग कळलं. आपला हात पोरीच्या हाताला लागू नये म्हणून.

तो कागद, ते हसू, नाक्यावरचा तो प्रश्न, सगळं त्या रुमालात होतं. ज्या हातानं तिच्या आईला भरल्या, आजीला भरल्या, तो हात आता झाकायचा.

नवरी म्हणाली, "चाचा, रुमाल काढा."

"राहू दे बेटा."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी शेजारणीचा दीर आणि ती टिळेवाली दोन माणसं दिसली. मोबाइल वर धरलेले. पुढं येईनात, कारण दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर पुरुष बसलेले आणि मधे बायाच बाया. मला काय झालं कोणास ठाऊक, मी नवरीला म्हटलं, "सरक जरा, आधी माझा नंबर."

नवरा गेल्यापासून माझ्या हातात काच नाही. मी दोन्ही हात पुढं केले. "मनियारभाऊ, हिरव्या नको असतील तर कोणत्याही भर. पण आपल्या हातानं भर."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. "अक्का, तुमचं माप बदललं. हात वाळले."

"तुझे कुठं ओले राहिलेत?"

हसला. मग रुमाल बाजूला ठेवला आणि माझी बोटं जुळवली. मी मान वर करून मोबाइलवाल्यांना म्हटलं, "नीट घे रे फोटो. म्हातारीचे हात आहेत, फार सुरकुत्या येतील, तेवढं सांभाळ."

बाया हसल्या. त्या हसण्यात कोणीतरी ओरडलं, "अगं, ही बघा आली." दिराची बायको. घरातून निघाली, नवऱ्याच्या अंगावरून चालत आली आणि नवरीमागं हात पुढं करून बसली. तिची नणंद म्हणाली, "का गं, तुझ्या नवऱ्याला चालेल का?"

"तो मोबाइल धरून उभा शे ना. त्याले इचार."

दिरानं मोबाइल खिशात घातला. ती टिळेवाली माणसं जरा वेळ घुटमळली आणि निघून गेली. मारामारी झाली नाही, घोषणा झाल्या नाहीत. नवरीनं चुडा भरला, वाकून नमस्कार केला. पाचोऱ्याच्या विहीणबाईंनीही केला.

एवढ्यावर थांबले तर गोष्ट गोड होईल. पण किळस तशी जात नाही हो. दीर अजून गल्लीत राहतो, मला रामराम घालतो, लग्नात पुढं होऊन वाढायलाही होता. जणू काही झालंच नाही. त्याच्या हातचा लाडू मी पानातच ठेवला.

श्रावणात कानबाईच्या सणाआधी मनियारभाऊ पुन्हा आला. स्वतःहून आला, बोलवावं लागलं नाही. पेटी उघडली तर सगळ्यात वर तोच रुमाल, धुऊन, चौकोनी घडी करून ठेवलेला. समोर एक नवी सून बसली होती. त्यानं तिचा हात धरण्याआधी तिच्या सासूकडे बघितलं आणि विचारलं, "चालेल ना?" इतक्या वर्षांत हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

सून उठून गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, तो रुमाल टाकून दे."

"राहू द्या, अक्का. गल्ली तुमची शे. रस्ता नाही."

मी हात पुढं केला. त्यानं भरल्या, वरची एक दिली. मी वाकून नमस्कार केला, आणि वाकताना तो रुमाल पेटीत दिसत होता.