काळ्या मार्करची खूण

आपत्तीच्या वेळची शुश्रूषा हा विषय आमच्या नर्सिंग कॉलेजात माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. वर्षाला चार तास. जादा वेळ मागितला तेव्हा प्राचार्या म्हणाल्या, "अहो, आपण मुलींना दवाखान्यात पाठवणार आहोत, युद्धावर नाही."

त्या चार तासांत मी जखमींना द्यायचे रंग शिकवायची. चालू शकतो तो हिरवा. थोडं थांबू शकतो तो पिवळा. लगेच उपचार हवेत तो लाल. आणि श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास येत नाही तो काळा. त्याच्यापाशी थांबायचं नाही. नऊ वर्षं हे शिकवलं. प्रत्यक्षात एकदाही केलं नव्हतं.

एका ऑगस्टमध्ये सकाळी बारा मुलींना घेऊन मी हिंजवडीपलीकडच्या गावात बालकांच्या तपासणीला निघाले होते. कंपन्यांच्या बसगाड्यांमागे आमची बस अडकली होती. तेवढ्यात डावीकडून माणसं ओरडत आली. बांधकामावरची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली होती. आम्ही उतरून धावलो. रुग्णवाहिकाही याच रांगेत अडकणार, हे दिसतच होतं.

आमच्याजवळ थोडी बँडेजं, वजनकाटा आणि तक्ते रंगवायचे मार्कर होते. "कपाळावर खूण करा, दोघी-दोघी जा," मी म्हणाले, आणि स्वतः फोन घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. रुग्णवाहिका, पोलीस, कॉलेज. फोन करायलाच हवे होते. पण ते आमच्या ड्रायव्हरनेही केले असते.

मुलींमध्ये कॅम्पातल्या एका शिंप्याची मुलगी होती, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. पत्र्याखालून काढलेल्या एका तरुणाची हनुवटी तिने वर केली, गाल त्याच्या नाकाशी नेला, वाट पाहिली. मान नीट करून पुन्हा वाट पाहिली. मग काळा मार्कर काढला. शेजारी त्याचा भाऊ होता. त्याने तिचं मनगट धरलं.

"दीदी, हाथ गरम है इसका! छूकर देखो!"

तिने हात सोडवून घेतला आणि पलीकडच्या बाईकडे गेली. त्या बाईच्या मांडीतून रक्त उसळत होतं. हिने आपली ओढणी आवळून बांधली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरली. ती बाई वाचली. भाऊ मात्र ओल्या चादरीच्या टोकाने कपाळावरची खूण पुसत बसला होता. ती निघत नव्हती.

कॉलेजने मुलींचा सत्कार केला. शाल, गुलाबाचं फूल, फोटो. ती आली नाही. पुढे आठ दिवस वर्गातही नाही, तेव्हा मी तिच्या घरी गेले. वडिलांनी शिलाई मशीन थांबवलं. "मॅडम, आपणच विचारा. आमच्याशी बोलत नाही ती."

आतल्या खोलीत तिने मला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "मी चुकले का?"

"नाही. अगदी बरोबर केलंस."

"त्याच्या भावाला काय सांगायचं, ते तुम्ही शिकवलं नव्हतं."

मग तिने थेट माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कुणाला काळी खूण केलीय कधी?"

"नाही."

"त्या दिवशी तुम्ही फोनवर होतात." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"हो. मला भीती वाटली," मी म्हणाले. तोवर हे मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. तिने उठून मला पाणी आणून दिलं.

ती परीक्षा देऊन पास झाली. अपघात विभागात नोकरी मिळत होती, ती नाही म्हणाली. आता लसीकरणाच्या दवाखान्यात आहे.

मी सुट्टी काढून दुसऱ्या राज्यात या विषयाचं प्रशिक्षण घेतलं आणि भांडून चार तासांऐवजी पूर्ण दोन दिवस मिळवले. आता सरावात नातेवाईकही असतात, हात धरणारे, शिव्या देणारे. पहिल्या सरावात मार्कर मीच घेतला. भाऊ झालेल्या मुलीने माझं मनगट धरलं. नाटक आहे हे ठाऊक असूनही मला हात सोडवता येईना. वेळ मोजणारी मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तेवढ्यात दोन लाल गेले."

यंदा सरावानंतर दोघींनी कॉलेज सोडलं. प्राचार्यांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. मी अजून एक ओळही लिहिलेली नाही.