दारातला उचलता पूल

ढोकीजवळ कारखान्याच्या चाळीत आमची एकच खोली होती. त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या होत्या, पाणी टँकरनं यायचं. मला सातवा महिना लागलेला. नवरा कारखान्यात फिटर. मोटारसायकलवरून पडून त्यांचा पाय मोडला होता. पाय प्लास्टरात आणि तोंड दिवसभर भिंतीकडं. माझ्याशीसुद्धा धड बोलत नव्हते.

मुंबईहून नणंद भेटायला आली. तिच्या मुलानं खेळून सोडलेल्या प्लास्टिकच्या विटा आणि बॅटरीच्या डबीतून रुळांत वीज सोडून चालणारी आगगाडी, रुळांसकट, तिनं आमच्या बाळासाठी आणली. ती गेल्यावर ह्यांनी खेळण्यांचा डबा स्वतःकडं ओढला. शेजाऱ्याकडून फळ्या मागवून, त्याच्याच आधारानं उभं राहून खाटेच्या उंचीवर रूळ मांडले. रूळ खोलीभर फिरून दारात आडवे आले.

"आता म्या घागर घेऊन जायचं कुठनं?"

"खालून वाक की."

"ह्या पोटानं?"

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पूल करतो. उचलायचा."

विटांचा पूल झाला. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या टोकाला दोरा. दोरा चौकटीवरच्या रिकाम्या रिळावरून खाटेपर्यंत आणला. गाडी पुलावरून फिरत होती, तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. बाहेर बायका पळत सुटल्या. मी घागरी घेऊन दाराशी.

त्यांनी दोरा ओढला. पूल वीतभर उठला आणि अडकला.

"सोडा, म्या फळी काढते."

"हात लावू नको."

"बाळाला पानी लागंल का गाडी?"

त्यांनी हिसका दिला. दोरा तुटला, पूल निखळून पडला. मागनं आलेली गाडी त्या फटीतून थेट फरशीवर आदळली. मी विटा तुडवत बाहेर पडले.

रांगेत शेवटी उभी राहिले. पाणी मिळंल का ही काळजी होतीच, पण घरी ते सगळं मोडून तर टाकणार नाहीत, ही भीती जास्त होती. जेमतेम अर्धी घागर मिळाली.

आले तर ते खाली बसलेले. प्लास्टरचा पाय लांब करून विटा गोळा करत होते. कुणी आधार न देता खाटेवरून उतरायची ती पहिलीच वेळ. मीही भिंतीला टेकून बसले आणि पुढ्यातल्या विटा त्यांच्याकडं सरकवू लागले.

"दोरा बारीक व्हता," ते म्हणाले. "परकराची नाडी असंल तर दे. आन् पूल उठला की गाडीचा करंट तुटाया पायजे."

मी नाडी दिली. त्यांनी पुलाच्या टोकाला तांब्याची पट्टी बसवली. पूल उचलला की पट्टी सुटायची आणि रुळांतली वीज बंद.

पुढचा टँकर आला तेव्हा मी घागरी घेऊन दाराशी उभी. नाडी ताणली, पूल सरळ वर गेला. गाडी वळणावरून आली, मंदावली आणि कडेच्या अलीकडं थांबली. मी तिच्याकडंच बघत राहिले.

"जा की, पानी संपंल."

संध्याकाळी त्यांनी आपणहून विचारलं, टँकरवर कोण कोण आलं होतं, काय बोलत होत्या. भाकरी थापता थापता मी सगळं सांगितलं.