फेटा आणि वकिलांची पाटी

दोन हजार तेवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. त्या साली गावानं मला वकिलांच्या यादीचा अध्यक्ष केलं. मी शिकलोय तिसरीपर्यंत, तीही धड नाही, तरी केलं. कारण एकच. सगळ्या गावात कोर्टाची पायरी न चढलेला माणूस मी एकटाच उरलो होतो.

आमचं गाव लोणावळ्याच्या अलीकडं, औंढ्याच्या अंगाला. पूर्वी इथं नुसतं भात व्हायचं. मग मोठा रस्ता आला, बंगलेवाले आले, गुंठ्याला भाव आला आणि भाऊ भावाच्या बांधावर काठी घेऊन उभा राहिला. दुसऱ्या गावांत पैलवान निघतात, भजनी निघतात. आमच्यात वकील निघाले. एकेका भावकीत एकेक. पंचायतीच्या नव्या सभागृहात ‘गावचे नामवंत वकील’ अशी संगमरवरी पाटी लावायचं ठरलं, आणि नावांवरून बैठका मोडायला लागल्या. ज्याला त्याला आपला वकील नामवंत आणि समोरच्याचा चोर. शेवटी कुणीतरी म्हणालं, आबाला बसवा मधी, त्याचा कुणाशी दावा न्हाई. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

माझ्यासमोरही तेच सुरू झालं. एक म्हणे, हायकोर्टात उभा राहिलेलाच घ्या. दुसरा म्हणे, मग झाडाखाली बसून प्रतिज्ञापत्रं लिहून देतो त्याचं काय, काळा कोट त्याचाबी हाय. एका पोरानं सनद घेतली आणि तेव्हापासून लोणावळ्यात प्लॉट विकतो. त्याच्या चुलत्यानं त्याचं नाव लावून धरलं, तेव्हा मागनं कुणीतरी बोललं, “त्यो न्हाई वकील, त्याची गाडी वकील हाय. बिल्ला काचंवर चिकटवलाय.” सगळे हसले, चुलता उठून चालला, त्याला धरून बसवला.

मग मी नियम सांगितला. आमच्या यात्रेला पालखी देवळात परत आली की पंच फेटे बांधतात. जो गावकीची वर्गणी भरतो आणि गावकीच्या कामाला उभा राहतो, त्याच्याच डोक्याला फेटा. बाकी सगळे पाहुणे. जावई आला तर त्याला टॉवेल-टोपी, फेटा नाही. मी म्हणालो, गावचा कोण हे ठरवायला कागद कशाला पाहिजे, यात्रा दरसाल ठरवतेच. ज्या वकिलाला यात्रेत फेटा, त्याचं नाव पाटीवर. हायकोर्ट नको न् झाड नको. प्लॉटवाला वर्गणी बुडवायचा, तो आपोआप गळाला. लोकांनी माना डोलावल्या. तिसरी शिकलेल्या माणसानं वकिलांचा तंटा एका वाक्यात मिटवला, म्हणून मी पान लावायला घेतलं.

तेवढ्यात एका पंचानं विचारलं, “मग थोरल्याची लेक?”

थोरला म्हणजे माझा सख्खा भाऊ. त्याची लेक वडगावच्या कोर्टात वकिली करते. नवरा देहूरोडला लष्कराच्या डेपोत, तिचं बिऱ्हाड तिथंच. गावातलं अर्धं माणूस खरी अडचण आली की पाटीवरच्या कुणाकडं जात नाही, तिच्याकडं जातं. हे मला ठाऊक होतं, बसलेल्यांनाही ठाऊक होतं. तिचं नाव लागावं ही भावाची इच्छा होती, तोंडानं तो कधी बोलला नव्हता. भावकीच्या शिव्या खाऊन त्यानं तिला कामशेतला शाळेत घातलं होतं, आणि ती सुटायच्या वेळी हा स्टेशनावर जाऊन उभा राहायचा.

“लेकीला फेटा बांधत न्हाईत,” मी म्हणालो.

पंच म्हणाला, “आबा, तुमच्या घरचं माणूस हाय. घ्या की. आमी कोण न्हाई म्हणतोय?”

त्या ‘घरचं माणूस’नं घात केला. नुसतं ‘घ्या’ म्हणाला असता तर कदाचित घेतलं असतं. पण मला वाटलं, आता हे नाव घेतलं की उद्या पारावर म्हणतील, म्हाताऱ्यानं नियम केला आणि घरच्यासाठी मोडला. मी पानाला चुना लावत म्हणालो, लेक सासरची, तिचं नाव तिच्या सासरच्या गावात लागंल. सासरच्या गावात असली पाटी नाही आणि कधी व्हायचीही नाही, हे ठाऊक असून म्हणालो. पुन्हा कुणी विषय काढला नाही. त्यातल्या दोघा-तिघांनी काढावा असं मला वाटत होतं, हे आज लिहितोय.

पाटी लागली. नारळ फुटला, अध्यक्ष म्हणून मलाच फेटा बांधला. भाऊ काठी टेकत आला होता, धुतलेलं धोतर, बंडीच्या खिशात चष्मा. गर्दी पांगल्यावर तो पाटीजवळ गेला आणि बोट ठेवून वरनं एकेक नाव वाचत खाली आला. मी मागं उभा. खालपर्यंत आल्यावर तो वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. त्यानं सभागृहाच्या चारी भिंती बघितल्या आणि मला विचारलं, “अरं, बायकांची पाटी कुठल्या भिंतीला लावलीय?”

जेवणाची पंगत वेगळी, बसायची सतरंजी वेगळी, तशी पाटीही वेगळी असणार, असं त्यानं धरलं होतं. धाकटा भाऊ आपल्या लेकीचं नाव गाळील हे त्याच्या मनात शिरलंच नव्हतं.

“यायची हाय अजून,” मी म्हणालो.

“व्हय का? मग ठीक हाय.”

लेक दाराशी उभी होती, तिनं सगळं ऐकलं. तिनं माझ्या पाया पडून हळूच म्हटलं, “काका, नियम तुमचा पक्का आहे. कोर्टातही टिकेल. फक्त अपील कुठं करायचं ते लिहायचं राहिलं.” हसून म्हणाली. मग बापाचा हात धरून त्याला पायऱ्या उतरवल्या.

त्यानंतर भाऊ सभागृहात गेला की समोरच्या भिंतीवर कुणाला खिळा ठोकू देत नसे. शिपायानं घड्याळ लावायला घेतलं तर म्हणाला, हितं पाटी यायचीय. त्यानं ते गावभर सांगितलं. लोक माझ्याकडं बघायचे, मी दुसरीकडं बघायचो. मी एक शब्द टाकला असता तर गावानं पाटी केली असती, पण शब्द टाकायचा म्हणजे नियम चुकला म्हणायचं. आज टाकू, उद्या टाकू करत दिवाळी जवळ आली आणि दिवाळीच्या आधी भाऊ गेला. आता त्या भिंतीवर पाणीपट्टी थकलेल्यांचा फलक आहे.

पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. मी उठलो, माझ्या डोक्याचा फेटा घडी करून पिशवीत घातला आणि लोकलनं वडगावला गेलो. तो तिच्या हातात द्यायचा, एवढंच ठरवलं होतं. जन्मात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढलो. तिच्या टेबलापुढच्या बाकड्यावर आमच्याच गावच्या दोन बाया बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा दिली. आबाचाबी दावा निघाला का, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ती काळा कोट सावरत आली, मला बघून दचकली. चहा मागवला, बायांना जरा थांबायला सांगितलं आणि विचारलं, “काय काम काढलं काका?”

पिशवी मांडीवर होती. बाया ऐकत होत्या.

मी म्हणालो, सातबाऱ्यावर माझं नाव बरोबर हाय का तेवढं बघ.

तिनं मोबाईलवर बघितलं. बरोबर होतं. मी चहा पिऊन पिशवी उचलली आणि घरी आलो.