कोरडा हात

मलावीत डेद्झाच्या डोंगराखाली एनिफा बायकांचा बायबलगट चालवायची. “येशूची क्षमा आधी ताटात दिसू दे,” म्हणायची, म्हणून सगळ्यांनी एकाच ताटात मक्याचा घट्ट न्सिमा खायचा. जिचं कुणाशी वाजलंय तिनं हात धुवायचा नाही, जेवायचं नाही; जिच्याशी वाजलंय तिनं दिवस मावळायच्या आत तिच्या दारी जाऊन मिटवायचं.

एकदा एनिफाशीच वाजून तिची सख्खी बहीण टियामिके कोरड्या हातानं बसली. एनिफा फणकारली, “बस उपाशी! मी नाही येत मनधरणी करायला.” आणि खरंच गेली नाही. आठवड्याच्या आत टियामिके तापानं गेली.

मातीहून आल्यावर बायकांनी ताट मांडलं. एनिफानं हात धुतला नाही.

“धुवा की ताई,” एकजण म्हणाली, “आता भांडण कुणाशी?”

“तेच तर गं,” एनिफा म्हणाली. “आता मिटवू कुणाशी?”