पंख्याच्या वाटचं जस्त

लग्न होऊन मी खाडीकाठच्या घरात आले तेव्हा मला बोंबील आणि मांदेली यांतला फरक कळत नव्हता. माहेर डोंबिवलीचं, घरात मासळी कधी न आणणारं. नोकरी तिथल्याच एमआयडीसीत, लोखंडी सामानावर जस्ताचा मुलामा चढवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. सासर ठाण्याचं, घोडबंदर रोडच्या मागच्या गावात. सासऱ्यांची होडी होती, वारा असला की शीड आणि पडला की इंजिन अशी चालणारी. सासरे माझ्याशी वाईट वागत नव्हते, पण बोलतही नव्हते. ‘जेवलीस का गो?’ एवढं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडायचे.

एका रविवारी सासूबाईंनी त्यांचा चहा माझ्या हातात देऊन काठावर पाठवलं. ओहोटी होती. होडी चिखलात कलती उभी होती आणि सासरे तिच्या मागे उकिडवे बसून इंजिनाच्या पितळेच्या पंख्याला पान्याने टकटक करत होते. पान्याच्या एका टोल्याने पात्याची कड खारी बिस्किटासारखी तुटून खाली पडली.

“दुसरा पंखा गेला,” ते म्हणाले. “नजर लागली कोनाची तरी. नायतर भेसळीचा माल.”

मी वाकून पाहिलं. पिवळ्या पितळेवर गुलाबी, तांबूस डाग पडले होते. असे डाग मी कामावर रोज बघायची.

“बाबा, हे नजरेने नाही झालं. खारं पाणी पितळेतलं जस्त खातंय. मागे राहतं ते ठिसूळ तांबं.”

ते हसले. “खाडीत मीठ काल आलं काय? माजा पयला पंखा धा वर्सं टिकला.”

प्रश्न रास्त होता. मग मीच विचारलं, “पहिल्या पंख्यानंतर होडीत काय बदललंत?”

“काय नाय. शाफ्ट तेवढा नवा टाकला, पंख्याचा दांडा. जुना लोखंडी व्हता, सारखा गंजायचा. ह्यो भारीतला, स्टीलचा. गंज म्हनून नाय चढत.”

“मग तेच तर! दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला एक झिजतोच. आधी शाफ्ट झिजायचा म्हणून पंखा वाचायचा. आता शाफ्ट झिजत नाही, तर पंखा झिजतोय. त्या दोघांच्या आधी झिजेल असं तिसरं काहीतरी लावायला हवं. जस्त.”

त्यांनी तुटलेली कड उचलून बोटांनी मोडून पाहिली. चहा गार झाला. मग म्हणाले, “आन तुजा जस्त. बघू.”

कारखान्यात मुलाम्याच्या टाकीत जस्ताचे गोळे टांगतात. झिजून उरलेले तुकडे परत वितळवायला जातात. मालकांना विचारून मी काही तुकडे घेतले आणि शेजारच्या ओतकाम करणाऱ्याकडून दोन अर्ध्या बांगड्या ओतून घेतल्या. पुढच्या ओहोटीला आम्ही दोघांनी नवा पंखा बसवला, शाफ्ट पॉलिश पेपरने घासून लख्ख केला आणि पंख्याच्या पुढ्यात शाफ्टभोवती त्या दोन अर्ध्या बांगड्या बोल्टने आवळल्या. माझी साडी पोटरीपर्यंत चिखलात. काठावरचे लोक बघत होते.

पावसाळ्यात होडी वर ओढली, रंगवली, नारळी पौर्णिमेला पाण्यात गेली. माझ्या डोक्यातून तो विषय गेला. दिवाळीनंतर एक दिवस भाकऱ्या थापताना सासूबाई हळूच बोलल्या, “पंखा परत लाल झालाय. हे बोलले, तुला सांगू नको. तुला वाईट वाटंल म्हनून.”

मी तशीच काठावर गेले. पंख्यावर पुन्हा डाग होते. आणि जस्ताची बांगडी? ती जशीच्या तशी, गुटगुटीत. तिच्यावर होडीच्या तळाचाच लाल रंग, एक नाही, चांगले तीन हात.

“बाबा, जस्ताला रंग कोणी दिला?”

“मीच दिला.” त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. “तू इतक्या लांबनं आनलेली वस्तू. ती झिजू कशी देऊ?”

मला हसू आलं, आणि का कोण जाणे, डोळेही भरून आले. “अहो, ते झिजावं म्हणूनच लावलंय! रंगाने त्याचं तोंडच बंद झालं. पाण्याला ते दिसतच नाही, म्हणून पाणी पंखा खातंय.”

“म्हंजे मरायलाच लावलाय त्याला?”

“हो. ते संपलं की दुसरं आणू.”

त्यांनी खिशातला सुरा काढला आणि रंग खरवडायला लागले. मी दुसऱ्या बाजूने खरवडत होते. भरतीचं पाणी घोट्याला लागेपर्यंत आम्ही बांगडी पुरती उघडी केली. पंख्याची कड थोडीच गेली होती. कानशीने घासून ती निभावली.

त्यानंतर सासरे माझ्याशी बोलायला लागले. होडी कोरडी पडली की कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत जस्त किती झिजलं ते सांगणारा फोन यायचा, “पाव खाल्ला गो!” मग काही महिन्यांनी, “अर्दा खाल्ला!” एवढ्या आनंदाने की माझ्या टेबलावरच्या बायका विचारायच्या, सासरे काय खातात एवढं? गावातल्या बाकीच्या होडीवाल्यांनाही त्यांनी जस्त लावायला लावलं. एकाने ते रंगवलं तेव्हा सासरे त्याच्यावर असे ओरडले की मला मध्ये पडावं लागलं.

एका दुपारी ते मला खाडीत घेऊन गेले. मधोमध पोचल्यावर इंजिन बंद केलं, शीड चढवलं. कापड एकदा फडफडलं आणि फुगून गप्प झालं. त्या शांततेत ते मला एकेक जागा दाखवत गेले: इथे जिताडा मासा मिळायचा, तिथे मिठागरं होती, त्या टॉवरच्या जागी त्यांच्या आईची वालाची वाडी. मी पहिल्यांदाच त्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं.

पुढे मासळी आटली, त्यांचे गुडघेही गेले. होडी वसईकडच्या एका माणसाने घेतली. तो न्यायला आला तेव्हा सासरे त्याला शिडाबद्दल, इंजिनाबद्दल काही बोलले नाहीत. फक्त चिखलात उतरून, बांगडीवर हात ठेवून म्हणाले, “ह्याला रंग नाय द्यायचा. आमच्या सुनेला विचार, कशाला ते.”

मी त्या माणसाला सगळं समजावून सांगितलं. ते शेजारी उभे राहून, मी काही विसरत तर नाही ना, असं बघत होते. त्यांना जाऊन आता चार वर्षं होतील. पावसाळ्याआधी, होड्या वर ओढायच्या दिवसांत, वसईहून अजूनही फोन येतो: ताई, नवं जस्त कुठून आणू?