फोटोमागच्या गोळ्या

आमचे हे, म्हणजे आनंदराव (नाव घेऊनच टाकते, कोण काय करते), छत्तीस वर्षं कोक ओव्हनमंदी भट्टीच्या तोंडाशी उभे राहिले. पण घरी दूध उतू गेलं तं मलेच हाका मारतात. यांचा बाप भंडाऱ्याहून भिलाईले आला, पोलादाच्या प्लांटमंदी लागला, अन् तेव्हापासून या घराण्याले वाटते का सूर्य बी प्लांटच्या भोंग्यावर उगवते.

औंदा एकतीस मेले ते रिटायर होणार होते. पोरगा अतुल तीस वर्षांचा, रसमड्याच्या कारखान्यात ठेक्यावर. पोरगी प्रेरणा जुनवानीच्या एका कॉलेजात यीस्टवर पीएचडी करून राहिली. यीस्ट म्हणजे पाव फुगवाचं खमीर. त्याच्यावर चार वर्षं काय शिकतात, तिचं तिलेच ठाऊक.

एक दिवस जेवताना ती म्हणाली, "बाबा, यीस्टची पेशी म्हातारी झाली, खायले कमी पडलं, का ती स्वतःच मरते. आतलं सामान नीट आवरून. उरलेल्यायले ते खायले भेटते."

यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे पोट्ट्यायसाठी जागा खाली करते?"

"तसंच समजा."

"पाहा गिरजा, एवढुशा जिवाले बी अक्कल आहे."

"त्याले तोंड नाई, म्हणून अक्कल दिसते," मी म्हणलं, अन् विसरून गेली.

एप्रिल लागला. जयंतीसाठी बाबासायबाचा फोटो पुसाले उतरवला, तं मागून गुलाबी गोळ्या टपटप खाली पडल्या. मोजल्या, तेवीस. यांच्या बीपीच्या. रोज सकाळी पाण्यासंगं मी हातावर ठेवत होती, त्याच.

मंग राग आला, अन् मले राग आला का आमच्या रुआबांधा वस्तीची कुत्री बी घरी जातात.

"हे काय वो?"

हे खाली मुंडी घालून म्हणे, "रिटायरमेंटच्या आधी मी गेलो तं अतुलले माही नोकरी लागते. सगळे म्हणतात. पोरगीनं सांगितलं ना, यीस्ट बी..."

"बाबासायबानं शिका म्हणलं, मरा नाई म्हणलं!" मी ओरडली. "अन् लपवाले जागा बी त्यायच्याच मागं भेटली तुमाले?"

अतुलनं युनियनच्या भैयालालले फोन लावला, स्पीकरवर. भैयालाल म्हणे, ड्यूटीवर अपघात झाला तरच काही होऊ शकते. "घर में बीपी से गए तो भैया, दो मिनट का मौन, बस."

हे थंडेच पडले. छत्तीस वर्षांत एक कागद नीट वाचला नाई या माणसानं, मराचा बी नाई वाचला. फुकटात गेले असते, बाप्पा!

प्रेरणा रडून राहिली होती. "अर्धंच ऐकलं तुम्ही, बाबा. पेशीत मराचं बटन असते, तसं ते दाबू न देणारं बी असते. ताजं खायले टाकलं तं लई पेशी मराची तयारीच सोडून देतात. अन् माणूस काय यीस्ट आहे का?"

"इथं कोणाचं खाणं संपलं होतं?" मी म्हणलं. "डब्यात चार पोळ्या रोज कोण टाकते?"

"पोट्टा रोज थकून येते," हे म्हणाले. "मले पाहावत नाई."

अतुल बोलला तं हिंदीतच, त्याले रडू आलं का मराठी सुचत नाई. "आप चले जाते, और नौकरी मिल भी जाती, तो रोज उसी भट्टी के सामने खड़ा होके मैं क्या सोचता, पापा?"

हे लहान लेकरासारखे रडले. लग्न झाल्यापासून यायले रडताना मी पायलंच नव्हतं. मी बी रडली, पण स्वयंपाकघरात जाऊन, उगाच कोणाले सवय नको.

एकतीस मेले हार घालून घरी आले. एक जूनले सकाळी मी गोळी हातावर ठेवली, पाणी देल्लं, अन् म्हणलं, "दाखवा जीभ."

"मी काय लहान आहे?"

"त्याच्याहून वाईट. आ करा."

त्यायनं आ केला. आता रोजच करतात, न सांगता. मी चष्मा लावून जिभेखाली पाहते, मंग गालाच्या आत. डाव्या बाजूच्या दोन दाढा नाईत. लग्नाले चौतीस वर्षं झाली, अन् मले माहीतच नव्हतं.