भुऱ्याची सिंगल बेल

किसनराव आबा चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, पण बोलणं अजून गाडीतलंच. घरात कोणी दारात उभं राहिलं की थकल्या आवाजात सुरू, "चला, मधात सरका." गुडघे गेले, घसाही गेला. अन् या वयात गळ्यात पडलं गल्लीतलं कुत्रं, भुऱ्या.

घर जाम गावच्या चौकाजवळ, हायवेपासून पन्नास पावलांवर. भुऱ्याला मोटारसायकलींमागे धावायचं वेड. दिवाळीत मागचा पाय चेपला, तरी अक्कल आली नाही.

"पुढच्या टायमाले पाय नाई, कुत्रंच जाईन," आबांची बायको, कोकिळाआजी म्हणाली.

बोलावलं की भुऱ्यानं रस्ता सोडून परत यावं, एवढंच आबांना हवं होतं. पण पोळीच्या तुकड्यानं जमेना. गल्लीतलं प्रत्येक घर त्याला पोळी टाकतं. पोट कायम टम्म. तेव्हा नागपूरहून लेक काजल फोनवर म्हणाली, "बाबा, खाणं नका देऊ, खेळणं द्या. आला का खेळवा, अन् मंग लपवून ठेवा. दिवसभर तोंडात राह्यलं त त्याले किंमत नाई वाटत."

आजीनं जुन्या खाकी पँटचा चेंडू शिवला, आत घरचा कापूस. तो राहायचा आबांच्या तिकिटांच्या चामडी बॅगेत. मोठ्यानं हाक मारायला घसा नव्हता, म्हणून निरोपाच्या दिवशी डेपोवाल्यांनी दिलेली गाडीची जुनी घंटी आबांनी ओट्यावर टांगली, दोरीसकट.

"सिंगल बेल म्हंजे थांबा. ड्रायव्हरले समजते, कुत्र्याले काऊन नाई समजणार?"

समजलं की! महिनाभरात टण् म्हटलं की भुऱ्या हजर. मग चेंडूची ओढाताण, आबांचं खांदा धरून कण्हणं, "सोड बाप्पा, सोड आता," अन् बॅग बंद. दिवसातून वीस वेळा.

एका सकाळी चंद्रपूरची लाल गाडी हायवेपलीकडे थांबायला आली. कंडक्टरनं आतून दोरी ओढली. टण्!

भुऱ्या ओट्यावरून उडाला तो थेट रस्त्यात. एका ट्रकचा ब्रेक किंचाळला. आबा लंगडत मागे. पलीकडे पाहतात तर भुऱ्या बसच्या दारासमोर शिस्तीत बसलेला, शेपटी हलवत, कंडक्टरच्या बॅगेकडे बघत.

"काका, याचं हाफ फाडू का फुल?" कंडक्टर हसला.

आबा हसले नाहीत. भुऱ्याची मान कवेत धरून तिथंच मातीत बसले. "त्याची चूक नाई भाऊ. म्याच शिकवलं."

घंटी उतरली. भुऱ्याला साखळी लागली. आता कोणतीच गाडी करत नाही असा आवाज हवा होता. आबांजवळ तसा एकच उरला होता, दिवसभर स्वयंपाकघराकडे सोडायचा तो: "अवं, ऐकलं काय?" त्या हाकेलाच चेंडू जोडला. पुन्हा ओढाताण, पुन्हा खांदा. दर वेळी भुऱ्याबरोबर आजीही बाहेर यायची, हात पुसत.

"चाळीस वर्षं हाकेले येऊन राह्यली मी. मले नाई भेटला कधी चेंडू!"

दीड महिन्यानं साखळी काढली. चंद्रपूरची गाडी आली. टण्! भुऱ्या उठला, कान रस्त्याकडे.

"अवं, ऐकलं काय?" खाटेवरून घोगरा आवाज.

भुऱ्यानं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा चामडी बॅगेकडे. अन् वळला. आबांनी डोळे मिटले, कण्हतच बॅगेत हात घातला.

दारात आजीही येऊन उभी होती, हात पुसत.

"चला," आबा म्हणाले, "मधात सरका."